आम्ही बोललो असतो

आर्मेल किन्यू बाईंना राग आला की त्या ओरडत नसत. हातातला खडू खाली ठेवत, चष्मा काढत आणि अगदी हळू आवाजात म्हणत, "कागद काढा." प्लूवेर्झेल गावातले निम्मे बाप्ये तो हळू आवाज आठवला की अजून ताठ बसतात.

त्यांची शिक्षा ठरलेली होती. जे केलंस ते चालवून दाखव. वर्गात बडबडलास? मग 'मी वर्गात बडबडतो' हे वाक्य सगळ्या काळांत, सगळ्या पुरुषांत लिहून आण, आणि खाली आईची नाहीतर बापाची सही. पोरांकडून अशी लिहून घ्यायची शिक्षा बंद करा, असं वरून कधीच कळवून झालं होतं. बाईंनी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. छड्यांपेक्षा बरं, असं त्यांचं मत. निदान क्रियापदं तरी पाठ होतात.

आणि सह्यांचं म्हणाल, तर त्या कोण वाचून करतो? सकाळी शाळेच्या फाटकासमोर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, तोंडात सिगरेट धरून बाप सही ठोकायचा. त्याच्या बापानेही तशीच ठोकली होती.

बाई इथल्याच. गावाबाहेरच्या चढावर वडिलांचं गोठ्याचं घर होतं. घरात ब्रेतॉन, म्हणजे इथली जुनी भाषा बोलत, शाळेत फ्रेंच. आर्मेल हुशार निघाली, जिल्ह्याच्या गावी जाऊन शिक्षिका होऊन आली आणि जिथे स्वतः शिकली त्याच शाळेत चिकटली. नवरा फान्श पोस्टमन. मूल झालं नाही. ते दुःख त्यांनी कुणाला उघडून दाखवलं नाही, आणि कुणी विचारलंच तर म्हणत, "वर्गात तेवीस आहेत, पुरे झाले." पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. पडवीत बसून वाटाणे सोलत दिवस काढायचे, असं फान्शने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात नोव्हेंबरातला तो गुरुवार आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर सेव्रीनचा बाक रिकामा होता. सेव्रीन देलात्र ही वर्गातली नवी पोर. तिची आई मिरेय उत्तरेकडून आलेली, एकटी, कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला. पोरीच्या कपड्यांना वास येतो म्हणून पोरं नाक धरत. बाईंनी दोनदा कान उपटले होते आणि तेवढ्यावर मिटलं असं समजल्या होत्या.

"सेव्रीन कुठे आहे?"

"घरी गेली, बाई," रोनान म्हणाला. "पोटात दुखत होतं."

"खरं?"

सगळ्या वर्गाने माना हलवल्या. एकजात सगळ्यांनी. बाईंनी नकाशा टांगला आणि नद्या शिकवायला घेतल्या.

दुपारच्या छोट्या सुट्टीत शाळेची स्वयंपाकीण फडकी ठेवायला कोळशाच्या खोलीकडे गेली. शाळा तेलावर तापायला लागल्यापासून तिथे कोळसा नव्हता, नाव तेवढं उरलं होतं. मोडके बाक आणि बादल्या ठेवायची जागा. कडी बाहेरून. आतून नखं घासल्याचा आवाज येत होता. उंदीर असेल म्हणून ती झाडू घेऊन आली, आणि दार उघडल्यावर तिचा झाडू हातातून गळला.

पोरीच्या अंगात कोट नव्हता. एका पायात बूट होता. झगा ओला झाला होता, आणि पाठीवर कुणीतरी खडूने कोंबडी काढली होती. चांगली काढली होती, तुरा-बिरा घालून. ते बघून बाईंना भडभडून आलं. चित्रकलेच्या तासाला त्यांनीच शिकवलेली कोंबडी होती ती.

पहिलं खोटं बोलला तो रोनान, त्याचं काय ते वेगळं. ते पोर एर्वे केमेनेचं. एर्वे म्हणजे डुकरं पाळणाऱ्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष आणि गावचा उपमहापौर. गावातलं जवळजवळ प्रत्येक डुक्कर त्याच्या वजनकाट्यावरून जातं. रोनानचं त्या बघून घेणार होत्या. पण बाईंच्या डोक्यात घण पडत होते ते हललेल्या मानांचे. त्या बावीस मानांनी त्यांना सरळ तोंडावर फसवलं होतं, आणि आपणही नद्या शिकवत बसलो, पोरीचं दप्तर बाकाखालीच होतं हेही पाहिलं नाही, म्हणून त्या स्वतःवर जळत होत्या ते आणखी वेगळं.

"कुणी कडी लावली?"

बावीस माना खाली.

"कुणी पाहिलं?"

गप्प. ग्वेनोला बोतोरेल, जी एरवी शेजारणीची पेन्सिल पडली तरी हात वर करते, ती डेस्कावरच्या शाईच्या डागाकडे बघत बसली होती.

बाईंनी खडू खाली ठेवला. चष्मा काढला.

"कागद काढा. क्रियापद बोलणे. संकेतार्थ, भूतकाळ."

त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं. बोलणे हे सरळमार्गी क्रियापद, कुठे वाकत नाही की मोडत नाही. सहाही पुरुषांत बोलणं जागचं हलत नाही, फक्त मागच्या शेपट्या बदलत जातात. मी बोललो असतो. तू बोलला असतास. तो बोलला असता. आम्ही बोललो असतो. तुम्ही बोलला असतात. ते बोलले असते.

"आता प्रत्येक ओळीपुढे 'पण' लिहायचं. त्या 'पण'च्या पुढे काय, ते फळ्यावर नाही. ते ज्याचं त्याने लिहायचं. शनिवारी सकाळी, सहीसकट."

"मुलींनी 'बोलले असते' लिहायचं का, बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुला आत्ता तेवढंच सुचलं का?" बाई म्हणाल्या, तेही हळूच.

घरी त्यांनी बॅग आपटली ती थेट पिठाच्या भांड्याशेजारी. त्यांची आई सोआझ चुलीशी बसून काळ्या गव्हाची धिरडी घालत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, पण तवा दुसऱ्याला देत नसे.

"सगळ्यांना शिक्षा?" ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "चहाड्या केल्या नाहीत म्हणून?"

"चहाड्या काय, आई! पोरगी कोंडलेली होती."

"माझ्या गळ्यात लाकडी बूट बांधत, ठाऊक आहे ना तुला? ब्रेतॉनचा एक शब्द तोंडातून गेला की बूट गळ्यात. आणि तो उतरवायचा कसा? दुसरी कुणी बोलताना सापडली की मास्तराला जाऊन सांगायचं. मग बूट तिच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात बूट, त्याला मार." तिने धिरडं उलटलं. "मी माझ्या सख्ख्या चुलत बहिणीचं नाव सांगितलं होतं. ती पुढे मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. या गावात तोंड उघडत नाहीत ते उगाच नाही. तोंड उघडायचं नाही हे शाळेनेच शिकवलं."

"तुला बोलल्याबद्दल शिक्षा होती. माझ्या पोरांना गप्प बसल्याबद्दल आहे."

"शाळा तीच," म्हातारी म्हणाली. "लोणी आण."

फान्श टेबलाशी बसून सायडर ओतत होता. "सोड ना, आर्मेल. सहा-सात महिने राहिलेत. कशाला डोक्याला ताप?"

"तू गप्प बस."

"बसलो. आमच्या घरात तेवढंच तर करायचं असतं."

बाईंना हसू आलं असतं एरवी. त्यांनी खारं लोणी आणून आदळलं.

शनिवारी कागद आले. सह्या होत्या. काहींवर कॉफीच्या वाटीचे गोल उमटले होते. बाईंनी ते स्वयंपाकघरात एकटीने बसून वाचले, आणि वाचता वाचता त्यांचा राग जागचा हलला आणि दुसरीकडेच जाऊन बसला.

मी बोललो असतो, पण रोनान मला फुटबॉलमध्ये घेत नाही मग. तो बोलला असता, पण त्याच्या बाबांची डुकरं अजून विकायची आहेत. आम्ही बोललो असतो, पण बाई, तुम्ही लगेच नद्या काढल्यात. ग्वेनोलाने सहाही ओळींना एकच कारण लिहिलं होतं. पण बाबांनी सांगितलं, त्यात पडू नको, सूप पी.

खाली तिच्या बापाची, लोइक बोतोरेलची, ऐसपैस सही होती. लोइक सोसायटीचा ट्रक चालवायचा. त्याने वाचलं असतं तर सही केलीच नसती.

रोनानचा कागद आलाच नाही.

सोमवारी गावात दुसरीच गोष्ट फिरत होती. दार वाऱ्याने लागलं. कडी जुनी, सैल, आपोआप पडते. सेव्रीन आत खेळायला गेली होती आणि घाबरून काहीतरी सांगत सुटली. पोरगी मुळात जरा कल्पना करणारीच आहे, तिचा बाप नाही ना घरी. ही गोष्ट फान्शला वाटेवरच्या प्रत्येक दारात, पत्राच्या बदल्यात मिळाली. बेकरीत पाव घेताना बाईंनी स्वतः ऐकली, आणि सुटे पैसे न घेताच बाहेर पडल्या.

संध्याकाळी मिरेय फाटकाशी उभी होती. कारखान्यातून थेट आलेली. पायांत पांढरे रबरी बूट, हात गार पाण्याने लालबुंद.

"बाई, मला कुणाची माफी नको," ती म्हणाली. "माफी घेऊन मी काय करू? पण माझी पोर खोटं बोलते असं म्हणतायत. रात्री ती मलाच विचारते, आई, वारा होता का गं? तिलाच आता खात्री वाटेना. एका माणसाने, या गावातल्या एकाने, तिच्या बाजूने तोंड उघडून सांगावं की पोर खरं बोलते. एवढंच. नाहीतर मी तिला घेऊन जाते परत. काम कुठेही मिळेल. कोंबड्या सगळीकडे मरतात."

"मी सांगते ना."

"तुम्ही पाहिलंत?"

बाईंनी फाटक ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा-तपासणी कार्यालयातून फोन आला. साहेबांचा आवाज मऊ होता. सामूहिक शिक्षा नियमात बसत नाही हे किन्यूबाईंना ठाऊक असेलच. पालक नाराज आहेत. काही जण पोरांना सिस्टरांच्या शाळेत घालायचं म्हणतायत, आणि तसं झालं तर वर्ग टिकणं कठीण. शुक्रवारी पालकांची सभा बोलावली आहे. दोन शब्द दिलगिरीचे बोलून टाका.

"दोनच?" बाई म्हणाल्या. "मला एक सुचतोय." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी पालक पोरांच्या बाकांवर बसले होते. गुडघे छातीशी, कोट मांडीवर. मोठी माणसं त्या बाकांवर बसली की आपोआप दहा वर्षांची होतात, हे बाईंनी पूर्वीही पाहिलं होतं. मिरेय बसली नाही. ती मागे, कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहिली. तिच्या शेजारच्या दोन बायका हळूच पुढे सरकल्या.

एर्वे केमेने उभा राहिला. बाईंच्या पहिल्या वर्षीच्या वर्गातला तो. तेव्हा गुडघे फुटलेले असायचे, आता पोट सुटलं होतं.

"बाई, तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना आदर आहे," त्याने सुरुवात केली. "तुमच्या हाताखाली शिकलो. पण काळ बदलला. एक दार वाऱ्याने लागतं, आणि तुम्ही बावीस पोरांना गुन्हेगार ठरवता? वर त्यांच्याकडून लिहून घेता. ऐकतो की घरचं-दारचं, कोणाची डुकरं नि कोणाचं काय, सगळं लिहिलंय. हेरगिरी झाली की ही! ते कागद आधी आमच्यासमोर ठेवा."

"नाही."

"म्हणजे?"

"पोरांनी ते मला लिहिलेत. तुला नाही."

"मग त्यात काय आहे ते आम्हाला कसं कळणार?"

"सही करताना वाचायचं होतं," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाची सही आहे. तुझी सोडून. तुझा कागद आलाच नाही, एर्वे."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. एर्वेच्या मानेवर लाली चढली.

"आमच्या गावात पोरांना चहाड्या करायला शिकवत नाहीत, बाई. तुमच्या आईच्या गळ्यात बूट होता. आमच्या आज्यांच्याही होता. तुम्ही तरी हे करायला नको होतं."

हा घाव वर्मी बसला. बाईंना क्षणभर चुलीशी बसलेली सोआझ दिसली, धिरडं उलटणारी. खोलीतल्या माना हलल्या. अगदी तशाच. बापांच्या आणि आयांच्या माना, त्या गुरुवारी त्यांच्या पोरांच्या हलल्या होत्या तशा, एकजात. ते पाहिलं आणि बाईंच्या आत काहीतरी तुटलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. चष्मा काढला.

"लोइक," त्या हळूच म्हणाल्या. "उभा राहा."

लोइक बोतोरेल, पंचवीस टनी ट्रक चालवणारा गडी, ताडकन उभा राहिला. बाकाची फळी त्याच्या मांडीत अडकली आणि बाकच त्याच्याबरोबर वर आला. सगळे हसले. त्याला स्वतःलाही हसू आलं.

"सवय, बाई," तो म्हणाला.

"बोलणे. संकेतार्थ, भूतकाळ."

"बाई, ही काय थट्टा..." एर्वे म्हणाला.

"तुला विचारलं नाही. लोइक?"

"मी बोललो असतो," लोइक म्हणाला. अजून हसतच होता. "तू बोलला असतास. तो बोलला असता." मग त्याचं लक्ष बाईंच्या तोंडाकडे गेलं आणि त्याला कळलं. बाईंनाही कळलं की आपण काय करतोय. ग्वेनोलाने विश्वासाने लिहिलेली ओळ त्या तिच्या बापाकडून वसूल करत होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण नजर त्यांनी काढली नाही.

"पुढे?"

"आम्ही..." लोइक खाली बाकाकडे बघत म्हणाला. त्याने बाक मांडीवरून सोडवला आणि खाली ठेवला. "कडी आपोआप पडत नाही," तो म्हणाला.

"लोइक, बस खाली," एर्वे म्हणाला.

"ती कडी वर उचलून आडवी सरकवावी लागते. मला ठाऊक आहे, मी याच शाळेत होतो. तुलाही ठाऊक आहे, एर्वे. आपण त्या खोलीत कुणाला कोंडायचो ते सांगू का?" त्याने मागे वळून पाहिलं नाही, बाईंकडेच बघत राहिला. "माझ्या ग्वेनोलाने त्याच संध्याकाळी सांगितलं. रोनानने आणि आणखी दोघांनी कोट काढून घेतला आणि कडी लावली. ती रडत होती सांगताना. मी म्हटलं, सूप पी. पोर खरं बोलतेय. ती देलात्रची."

"सोमवारी ट्रक कोण चालवणार बघू," एर्वे म्हणाला.

"बघ. रोनानलाच बसव."

या वेळी कुणी हसलं नाही. मिरेय मागून म्हणाली, "आणखी कुणी?" तिचा आवाज मोठा नव्हता. बाकांवरच्या पाठी तशाच राहिल्या. मग पुढच्या रांगेतली, पोस्टाशेजारच्या दुकानातली बाई वळून न बघता म्हणाली, "माझ्या थोरल्यानेही पाहिलं." आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. बस, तेवढंच. बाकीचे खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत राहिले.

एर्वे टोपी घालून निघाला. जाताना म्हणाला, "सोमवारी रोनान सिस्टरांकडे. आणि तो एकटा जाणार नाही." त्याच्यामागून चार-पाच बाक रिकामे झाले. साहेबांनी पाठवलेला मनुष्य कोपऱ्यात बसून काहीतरी टिपत होता, त्याने बाईंना विचारलं, "दिलगिरीचं तेवढं...?"

"सेव्रीनची माफी मी मागितली आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं देणं लागत नाही."

मिरेयने खुंटीवरून आपली पिशवी काढली. आभार मानले नाहीत. दारात थांबून फक्त म्हणाली, "सोमवारी पोर साडेआठला येईल." आणि रबरी बूट वाजवत अंगणातून निघून गेली.

खोली रिकामी झाली तरी बाईंचा राग उतरला नव्हता. तो उतरेल असं त्यांना वाटलं होतं. दोन तोंडं उघडली, वीस मिटलेली राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी स्वतः क्रियापद चालवायला शिकवलं होतं. त्यांनी टेबलाचा खण उघडला, फान्शने कधीतरी दिलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि अंगणात गेल्या.

कोळशाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवर उभं होतं. स्क्रू गंजलेले. पहिलाच हलेना. बाईंनी सगळं वजन टाकलं, स्क्रूड्रायव्हर घसरला आणि अंगठ्याची साल गेली. ब्रेतॉनमध्ये त्यांनी एक शिवी हासडली, जिच्यासाठी सोआझच्या गळ्यात दोन बूट पडले असते.

मागे ट्रकचा दरवाजा वाजला. लोइक एक लांब, जाड स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची कुपी घेऊन आला. काही न विचारता त्याने बिजागऱ्यांवर तेल सोडलं आणि थांबला.

"दार नगरपालिकेचं आहे, बाई. उद्या बिल येईल."

"येऊ दे. फान्शच घेऊन येईल ते."

तो वाकला आणि स्क्रूड्रायव्हर लावला. करकर करत पहिला स्क्रू सुटला. दुसरा सुटला. दाराने थोडी मान टाकली.

"बाई," लोइक खाली बघतच म्हणाला, "मी त्याच संध्याकाळी आलो असतो तुमच्याकडे. खरंच आलो असतो, पण..."

"पण नको," बाई म्हणाल्या. "दार जड आहे. खालून धर."